टाकीखालचे तीन ठोके

चालती गाडी बंद पडली, तर तिला तीनपैकी एक गोष्ट मिळत नसते... हवा, ठिणगी नाहीतर पेट्रोल. चौथं कारण नसतं. अमरावतीत बडनेरा रोडवर आमचं गॅरेज आहे आणि बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलोय. गाडीला बाहेरची बाधा झाली म्हणून डॅशबोर्डवर लिंबू ठेवून आलेला माणूसही मी पाहिलाय. फिल्टर बदलून दिला आणि त्याच लिंबाचं सरबत करून त्याला पाजलं. तेव्हा पुढचं वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसलोच असतो.

गॅरेज मूळचं माझ्या दादाचं. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे पाना कसा धरायचा हे त्यानेच शिकवलं आणि चुकलो की पाठीत धपाटाही त्यानेच घातला. त्याचा कान भारी होता. पेट्रोल इंजिनपर्यंत ढकलणारा पंप टाकीच्या आत असतो. किल्ली फिरवली की त्याची बारीक गुणगुण येते. दादा ती ऐकूनच सांगायचा, हा किती दिवसांचा सोबती आहे ते. अडकलेला पंप कधी कधी टाकीला खालून रबरी हातोडीने ठोकलं की चालू होतो. ही युक्ती सगळ्याच मेकॅनिकांना माहीत असते, पण दादाची पद्धत ठरलेली. दोन ठोके मारायचा, थांबून ऐकायचा, मग एक. टक् टक्... टक्.

पुढे त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं — जड काम नाही, वाकणं नाही, उन्हात फिरणं नाही. मग तो खुर्ची टाकून बसायचा आणि मी काम करायचो.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याचीच गाडी मधूनच बंद पडायला लागली. दहा मिनिटं थांबलं की परत चालू.

"पंप जाऊन राहिला," दादा म्हणाला.

मी नवाच स्कॅनर घेतला होता. गाडीला लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. प्रेशर गेज लावला, काटा जिथे हवा तिथे, तीनवर खिळलेला. मी म्हटलं, "पंप एकदम ओके आहे दादा."

"अबे संज्या, सकाळी सकाळी सावलीत पाहून राहिला तू. पंप गरम झाल्यावर बसते. भर दुपारी अकोल्याच्या रोडवर चालवून पाय, मंग सांग मले."

चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर माझं मशीन खोटं ठरवलं याचा मला राग आला. खरं सांगतो, कामाचा व्याप होता वगैरे सगळं नंतर रचलेलं. राग आला होता, एवढंच. "पाहतो उद्या," म्हणालो. दादाने आणून ठेवलेला नवा पंप खोक्यातच रॅकवर पडून होता. तो उद्या तीन आठवडे आला नाही.

मे महिन्यात दादा पोरीला भेटायला एकटाच अकोल्याला निघाला. मूर्तिजापूरच्या पुढे, एका बाभळीपाशी गाडी बंद पडली. दुपारचे दोन वाजले असतील. लोकांना तो गाडीच्या मागच्या बाजूला सापडला, अर्धा गाडीखाली, हातात रबरी हातोडी. डॉक्टर म्हणाले, हृदय आणि ऊन. संध्याकाळी मी गाडी आणायला गेलो तर ती पहिल्याच सेल्फला चालू झाली. थंड झाली होती ना.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धं ओढून मी नवा पंप बसवला. मी पोरासारखा रडत होतो. पण वहिनीला यातलं काही सांगितलं नाही. दादाने पंप बदल म्हटलं होतं आणि मी बदलला नाही, हे तोंडातून निघालंच नाही. मी त्यांच्या घरी जेवायला जायचा बंद झालो. वहिनी डबा पाठवायची, तो रिकामा करून परत पाठवायचो.

वर्ष झालं. वहिनीने अकोल्याला पोरीकडे कायमचं राहायला जायचं ठरवलं. गाडीही पोरीलाच द्यायची होती, तेव्हा पोचवायला मीच निघालो. सांगायची ती माझी शेवटची संधी होती. गाडीत दोघंच असणार होतो. ज्या माणसाच्या घरातलं मीठ खाल्लं, त्याच्या बायकोला तिथे उतरवून न सांगता परत आलो असतो, तर पुढे कधीच बोलू शकलो नसतो.

निघण्याआधी सलग तीन दुपारी गाडी तापवून पाहिली होती. गेज काचेवर चिकटवला आणि चाळीस-चाळीस किलोमीटर हाणली. काटा तीनवरून हलला नाही.

बडनेरा मागे पडलं. तोंड उघडायचो आणि "पाणी पाहिजे का वहिनी?" एवढंच विचारायचो. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने बाटलीच माझ्यापुढे धरली. मूर्तिजापूर गेलं. गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि इंजिन बंद पडलं. कडेला घेतली तर समोर तीच बाभूळ.

हात सवयीने कामाला लागले. फ्यूज पाहिला, चांगला. रिले काढून तिथे वायरचा तुकडा लावला, म्हणजे पंपाला सतत करंट मिळतो. मागच्या सीटवरच्या बॅगा उतरवल्या, सीट उचलली, पंपाच्या जोडाला टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प लख्ख पेटला. करंट पोचत होता आणि पंप मुका होता. वर्षभराचा नवा पंप!

आता एकच उपाय उरला होता. खाली वाकून टाकीला ठोकायचं. मी पाना घेऊन मागे गेलो. पण जिथे दादा पडला होता तिथे माझे गुडघे वाकेनात. पाना तिथेच टाकला. मी चार पावलं मागे सरून वहिनीजवळ आलो. ती बाभळीखाली उभी होती, डोळे मिटून. रस्त्यावर कुणी नाही, बाजूला नांगरून ठेवलेलं मोकळं काळं वावर.

टक् टक्...

गाडीखालून.

टक्.

आणि टाकीतून पंपाची गुणगुण सुरू झाली.

मी धावत जाऊन खाली पाहिलं, तेव्हा कुठे गुडघे वाकले. कुणीही नव्हतं. वहिनीने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला भाऊजी. चालू होईन आता."

झाली. दोन किलोमीटर गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. स्कॅनर, राग, उद्या, खोक्यातला पंप... सगळं. मान वर करायची हिंमत नव्हती, पण रस्त्याकडे पाहणं भाग होतं.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "गाडी बंद पडली तवा त्यायनं मले फोन केला होता. म्हणे, पंपच गेला. पण संज्याले काही म्हणू नको, जिवाले लावून घेईन तो. म्हणून म्या काई बोलली नाही."

वर्षभर मी तिच्यापासून लपवत होतो, आणि ती मला जपत होती. अकोला येईपर्यंत आम्ही दोघंही रडत होतो.

तिथे पोचल्यावर मी तो पंप बाहेर काढला. उन्हात तापवून तासभर चालवला, एकदाही अडकला नाही. तोच परत बसवला आणि आजही त्यावरच गाडी चालते. सायलेन्सरचा पत्रा थंड होताना टकटक करतो, हे तुम्ही मला सांगू नका, ते मीच लोकांना सांगतो. पण पत्रा दोनदा वाजून, थांबून, मग एकदा वाजत नाही. आणि वाजलाच, तरी त्याने पंप चालू होत नाही. हवा, ठिणगी, पेट्रोल... तिन्हीत शोधलं. उत्तर नाही.

गेल्या महिन्यात धीर करून वहिनीला फोनवर विचारलं, "तुम्हाला काय वाटते, काय होतं ते?"

 ती म्हणाली, "तुमी पाना घेऊन मांगं गेले ना भाऊजी, तवा मले लय भेव वाटलं. म्या डोये मिटले अन् मनातच त्यायले म्हटलं... याले तिथं वाकू देऊ नका. तुमीच पाहा आता काय ते."