सुरुवात नसलेली बांगडी

भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगीत घरी बसून मणी ओवणाऱ्या बायका पुष्कळ, पण वैजयंतामावशींसारखा हात कुणाचा नाही. मूळच्या नांदेडकडच्या. नवरा गेल्यावर या मण्यांवरच त्यांनी दोन्ही मुलं मोठी केली. बोलायला फटकळ, कामाला चोख. एखादा मणी इकडचा तिकडे झाला तर काय बिघडलं, असं कुणी म्हणालं की मावशी त्याच्या घरचा चहाही घेत नाहीत.

भीती एकच. त्यांची आई शेवटी सगळं विसरली होती. जेवून उठलेल्याला पुन्हा ताट वाढायची आणि पोटच्या पोरींना विचारायची, तुम्ही कोणाच्या.

वरच्या मजल्यावरची नेहा शाळेत गणित शिकवते. तिने मावशींना तीन बांगड्यांचं काम दिलं. प्रत्येक अंकाला एक रंग ठरवला आणि तीन लांबलचक आकडे मोबाईलवर पाठवले. पहिला होता ०५८८२३५२९४११७६४७. मावशींनी तिन्ही ओवून गाठी मारल्या आणि माझ्याकडे येऊन दार लावून घेतलं.

"स्नेहल, माझंबी सुरू झालं गं," म्हणाल्या. "तीन सांगितल्या होत्या. मी एकच तीनदा ओवली."

बघते तर खरंच, तिन्ही हुबेहूब. मीही घाबरले. ते लपवायला मी चष्मा न लावल्याबद्दल त्यांनाच झापलं. मग मोबाईल घेऊन एकेक मणी ताडून पाहिला. दुसरा आकडा वेगळा होता, पण बांगडीत बरोब्बर सापडला, फक्त वेगळ्याच मण्यापासून सुरू होत होता. तिसराही तसाच.

नेहाला खाली बोलावलं. ती हसत म्हणाली, दुसरा आकडा पहिल्याची दुप्पट आहे, तिसरा तिप्पट. अगदी सोळापटीपर्यंत तेच अंक, त्याच क्रमाने फिरतात. सतरापट केली की मात्र सगळे नऊ. नऊला निळा रंग होता. म्हणजे बांगडीत एकुलता असलेला निळा मणी अख्खी बांगडी व्यापणार. हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून मी तिच्यावर उखडले. मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"असं कुणी बसवलं हे?"

"कुणीच नाही, मावशी. एकाला सतराने भागत राहिलं की हेच येत राहतं. कधी संपत नाही."

मावशी बराच वेळ बांगडी फिरवत राहिल्या. मग त्यांनी त्या बांगडीलाच हात जोडले.

आता तशीच एक त्यांच्या मनगटावर असते. परवा म्हणाल्या, "आई सुरुवात कुठून करायची तेच विसरायची. हिला सुरुवातच नाही बघ. कुठूनबी धर, पुढचं येतंच. कुठला रंग, सांग."

मी निळा म्हणाले. डोळे मिटून मावशी पुढचे रंग सांगत गेल्या आणि फिरून निळ्यावर आल्या.