पहिली दहा मिनिटं

माझा नवरा म्हणायचा, "अगं, मी काय सगळी मॅच बघत बसतो का? फक्त पहिली दहा मिनिटं!" बुडायला दहा मिनिटं पुरत नाहीत जणू. अमेरिकेतल्या कॉलेजांचे बास्केटबॉलचे सामने, तिकडे दुपार तेव्हा आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, उइटहॉर्नला शनिवारची संध्याकाळ. सुरुवातीच्या दहा मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून अमुक आकड्यापेक्षा जास्त गुण होतील, यावर हा फोनवरून पैसे लावायचा. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण नवऱ्याचा चेहरा कळतो. पोरं धडाधड बास्केट करायला लागली की याचा हलणारा गुडघा थांबायचा.

घरासाठी साठवलेल्यातले निम्मे पैसे गेले तेव्हा आम्ही कडाकडा भांडलो. शेवटी एका शनिवारी सकाळी त्यानेच सांगितलं, "आज हरलो तर ॲप काढून टाकतो. तुझी शपथ." आणि जिंकलास तर, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नवऱ्याने हरावं म्हणून जीव मुठीत धरून बसायची वेळ माझ्यावर आली होती.

त्यात सासूबाई आलेल्या, पुण्याहून, तीन महिन्यांसाठी. त्यांना आम्ही यातलं काही कळू दिलं नव्हतं. हातात फोन घेऊन येरझारा कसल्या घालतोस, असं त्यांनी विचारल्यावर याने ठोकून दिलं होतं, "इथल्या पर्मनंट रेसिडेन्सीचा निकाल यायचाय, आई. फोनवरच कळतो." मीही मान डोलावली. घरची लाज, दुसरं काय!

संध्याकाळी सामना सुरू झाला तशी मी स्वयंपाकघरात गेले. बघते तर ओट्यावर स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि त्यात सासूबाईंचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. देव पाण्यात ठेवले होते! ही माउली पोराच्या यशासाठी देवांना बुडवून बसलीय, आणि मी त्याच देवांना उलटं साकडं घालतेय. त्यांनी तरी कुणाचं ऐकावं?

सासूबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. मी थालीपीठ थापायला घेतलं. हॉलमधून हा ओरडला, "अरे टाक ना, टाक!" मग बराच वेळ काहीच नाही. हरला, मला वाटलं. हरला बाई एकदाचा. मी थालीपीठ तव्यावर टाकलं.

तेवढ्यात तो नाचतच आत आला. "झालं, आई! काम झालं!" वाकून पाया पडला. "तुझ्या देवांनी ऐकलं बघ."

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तो बाहेर गेल्यावर त्यांनी देव पाण्यातून काढले आणि पदराने पुसायला घेतले.

"निकाल लागला म्हणे," त्या हळूच म्हणाल्या. "दर शनिवारी लागतो याचा निकाल. अगं, सरकारी कचेरी शनिवारी संध्याकाळी उघडी असते होय कुठे? आणि सकाळी त्याने तुझी शपथ घेतली, ती ऐकली मी."

मी घाईने गॅस बंद केला. थालीपीठ करपायला लागलं होतं.

"हरू दे रे बाबा माझ्या पोराला एकदा, म्हणून ठेवले होते पाण्यात," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. हॉलमध्ये त्याने पुढची मॅच लावली होती.