बाहेरून कुलूप

शालूचा आवाज तीन मजले खाली ऐकू यायचा. मी शेजारच्याच फ्लॅटमधली, मंदाकिनी. मला तर तो भिंतीतून यायचा. ती मूळची परभणीची, बोलणं खणखणीत. मंडईत ती भाव करायला लागली की भाजीवाला आपणहून पावशेर जास्त टाकायचा, ब्याद टळावी म्हणून. मी तिला म्हणायचे, "बाई, तुला मोबाइल कशाला लागतो? खिडकी पुरे." त्यावर ती खो खो हसायची.

मग तिच्या नवऱ्याची, साईनाथची, चाकणची नोकरी गेली. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर, हप्ते थकले. वसुलीची माणसं दार बडवायला लागली. तेव्हा साईनाथच्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. सकाळी स्वारगेटला टेम्पो चालवायला जाताना शालूला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायचं. दुसरी किल्ली माझ्याकडे. कोणी विचारलं तर मी सांगायचं, "गावाला गेलेत." सांगितलं की मीही! वर मोठे उपकार करतेय असं वाटायचं मला.

शालूनं ते इमानानं पाळलं. कुकर बंद, शिट्टी होते म्हणून. फोडणी बंद, वास जातो म्हणून. भरदिवसा पडदे ओढलेले. दुपारी मी डबा घेऊन कुलूप काढायचे, तर ही दारामागच्या कोपऱ्यात उभी. "आज आले होते," कुजबुजायची, "मी श्वाससुद्धा घेतला नाही." चेहरा असा खुललेला असायचा, की मलाच कसंतरी व्हायचं.

हळूहळू सोसायटी तिला विसरली. खालच्या मजल्यावरचे म्हणायला लागले, वरच्या फ्लॅटला दिवसभर कुलूप असतं, तरी आत कोणीतरी चालतं. भुताटकी असेल, एखादी शांत करून घेऊ या, असंही निघालं. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी धुवायला वर्गणी निघत नाही, पण याला लगेच तयार! मी हसत हसत शालूला हे सांगायला गेले. ती हसली नाही.

"मलाही ऐकू येतं, काकू," ती म्हणाली. "मी बसलेली असते तेव्हा."

"शालू, काय बोलतेस हे?"

"शालू गावाला गेलीय ना. तुम्हीच तर सांगता सगळ्यांना."

त्या संध्याकाळी मी साईनाथला जिन्यातच गाठलं. "घर वाचवायला निघालास आणि घरातलं माणूस घालवून बसशील. लपून कर्ज फिटतं का रे? बँकेत जा, पाया पड, काय वाटेल ते कर!" गेला एकदाचा. आणि बघा, बँकेनं काही खाल्लं नाही त्याला. मुदत वाढवून हप्ता कमी करायला तयार झाले. मात्र सह्या दोघांच्या हव्यात, नाहीतर घराचा ताबा घेणार, असं स्पष्ट सांगितलं.

बँकेची वैष्णवी नावाची मुलगी कागद घेऊन घरी आली. साईनाथनं कुलूप काढलं, आत येऊन सही केली. "आणि मॅडम कुठे आहेत?" तिनं विचारलं. शालू तिच्या समोरच भिंतीला टेकून उभी होती. त्या अंधारात पोरीला ती दिसलीच नव्हती. मी पडदा सारला, तशी वैष्णवी केवढी दचकली.

"शालू, सही कर," साईनाथ म्हणाला.

"ती घरी नाहीये," शालू हळूच म्हणाली.

साईनाथ रडकुंडीला आला. वैष्णवी घाईघाईनं कागद आवरायला लागली. माझं डोकंच फिरलं. मी शालूचे खांदे धरून ओरडले, "शालू! ए शालू!"

"हळू, काकू. ऐकतील."

"ऐकू देत मेल्यांना! कुठंही गेलेली नाहीस तू. इथं आहेस, माझ्या हातात आहेस!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं जो गळा काढला! खाली दारं उघडली, माणसं जिन्यात आली. कोणीतरी घाबरत घाबरत विचारलं, "कोण रडतंय?"

"मी!" शालू ओरडली. "मी रडतेय! काही म्हणणं आहे?"

रडत रडतच तिनं पेन घेतलं. सही वाकडीतिकडी आली. वैष्णवीनं ती नीट निरखून पाहिली आणि म्हणाली, "चालेल."