शेजारी बसून श्रद्धांजली

दिग्रसच्या स्टँडसमोरच्या पानठेल्यावर एक गृहस्थ मला रोज भेटतो. पूर्वी आपला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता तो अनोळखी माणसाचं गाव, सासुरवाडी आणि जुनं दुखणं, सगळं काढून घ्यायचा. पुसदची गाडी सुटायची, पण त्याच्या चौकशीतून माणूस सुटायचा नाही.

आता खर्रा यंत्रावर घोटून मिळतो. मोकळे झालेले दोन्ही हात त्यानं मोबाइलला दिले आहेत. "काय चाललं?" विचारलं, की मान वर न करता म्हणतो, "पाहून राह्यलो." काय ते सांगत नाही. हसतो तेही एकटाच.

मागच्या महिन्यात माझे वडील गेले. चिता पेटल्यावर तो मुद्दाम माझ्याशेजारी येऊन बसला. मला बरं वाटलं. म्हटलं, जुना माणूस आहे, आता दोन शब्द बोलेल. बराच वेळ तो अंगठ्यानं काहीतरी शोधत होता. मग माझ्या खिशातला फोन थरथरला.

"भेटला काय मेसेज?" त्यानं हळूच विचारलं. "फुलं टाकून पाठवला."

मी मानेनंच हो म्हटलं.

"मंग निळी खूण काहून नाही येऊन राह्यली, भाऊ?"

वडिलांच्या चितेवरची नजर काढून मी तो मेसेज उघडला. खूण निळी झाली, तेव्हा कुठे तो उठला.