लोंढ्याला न ओढलेली साखळी

खानापूर तालुक्यातल्या पोरी गोळा करून मी सॉफ्टबॉलचा संघ उभा केला, तेव्हा आमच्याजवळ चार ग्लोव्ह, दोन बॅटी आणि भातकापणीनंतर रिकामं पडलेलं एक शेत होतं. पोरी सगळ्या खो-खोतल्या. गुंजी गावची एक तर तासभर उकिडवी बसली तरी हलायची नाही. तिला मी बॅटरमागं बसून चेंडू झेलणारी कॅचर केलं. दोन वर्षांत बेळगाव-निपाणीकडं आम्हाला तोडीस तोड कुणी उरलं नाही. पुढं जायचं तर बाहेर खेळायला हवं होतं. मडगावची स्पर्धा ठरली.

परवानगीसाठी घरोघर फिरलो. गुंजीत तिच्या वडिलांनी चहा पुढं केला आणि एकच विचारलं, "सर, बाई हाय न्हवं कोण सोबत?"

"व्हय आप्पा. मॅडम हायत की."

मॅडम नव्हत्या. शाळेतल्या दोन शिक्षिकांना विचारलं होतं, दोघींनी नाही म्हटलं होतं. तरी बाराच्या बारा घरांत मी हेच सांगितलं.

बेळगाव स्टेशनवर पोरी इकडंतिकडं बघायला लागल्या. कॅप्टन म्हणाली, "सर, मॅडम लई बारीक हायत वाटतं. दिसंनात!" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "लोंढ्याला चढतील."

लोंढ्याला गाडी थांबली. मी पेपर तोंडापुढं धरला. गाडी सुटल्यावर डोकी मोजली, अकरा भरली. पुन्हा मोजली. कॅचरची बॅग सीटवर होती, फोन बॅगेत होता.

"कुठं गेली ती?"

कॅप्टननं मान खाली घातली. "सर, तिला पाळी आली. मॅडम लोंढ्याला चढणार म्हणालात न्हवं? त्यास्नी बघायला उतरली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमाला कसं सांगणार?"

साखळी माझ्या डोक्यावर होती. प्लॅटफॉर्म अजून संपला नव्हता. आता मी जे लिहितोय ते बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. मी उठलो, हात वर नेला आणि खाली घेतला. गाडी थांबली तर पोलीस येणार, नावं लिहून घेणार, घरी फोन करणार, आणि सगळे विचारणार, सोबत बाई कोण आहेत? सोळा वर्षांची पोर अनोळखी फलाटावर उभी होती, आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो. त्याहून वाईट म्हणजे, मध्येच एकदा मनात आलं, आता कॅचर कोण?

घाटात रेंज गेली. दोन पोरी मुसमुसत होत्या. मी त्यांना गप्प बसा म्हणालो, तेही दरडावून. टीसी येऊन गेला, त्यालाही काही बोललो नाही. खिडकीबाहेर नुसतं रान. प्रत्येक बोगद्यात वाटायचं, बाहेर पडलो की कुणीतरी सांगेल, ती मागच्या डब्यात आहे.

घाट उतरल्यावर कुळ्याच्या स्टेशनात रेंज आली आणि फोन वाजला. तिच्या वडिलांचा नंबर. शेवटच्या रिंगला मी तो उचलला.

"सर, पोरगी पोचली बरं का घरी. पोटात दुखाय लागलं म्हणं. मॅडमनी सोता बसमध्ये बसवून दिलं. लई उपकार झाले. सांगा त्यास्नी."

"सांगतो," मी म्हणालो.

मडगावात आम्ही हरलो. ती पुढं दोन वर्षं खेळली. मास्क घालून बसायची, चेंडू अडवायची, माझ्याकडं बघायची नाही. मीही तिला त्या दिवसाबद्दल एक शब्द विचारला नाही. माझं खोटं त्या पोरीनं सांभाळलं, आणि मी ते तिला सांभाळू दिलं.

गेल्या महिन्यात खानापूर स्टँडवर तिचे वडील भेटले. हातात पोरीच्या लग्नाच्या पत्रिका होत्या.

"बरं झालं घावलात सर! ही तुमची. आन् त्या मॅडम कुठं असत्यात आता? त्यास्नी माझ्या हातानं द्यायची हाय."

मी पत्रिका घेतली नाही. "आप्पा, मॅडम नव्हत्या."

"म्हंजे?"

"कधीच नव्हत्या. मी खोटं बोललो होतो."

"मग त्या दिवशी पोरीला बसमध्ये कुणी बसवलं?"

"तिची ती बसली."

त्यांनी दोन्ही पत्रिका पिशवीत ठेवल्या. गुंजीची बस लागली होती. ते चढले, आणि माझ्या बाजूची खिडकी मोकळी असून पलीकडं जाऊन बसले.