एकाच तखतावर पेटी आणि मशीन

भोंगा होता तोवर आमचं बरं चाललं होतं. भोंगा मंडपाबाहेर कडुनिंबाला बांधायचा, रेकॉर्ड वाजवायची मशीन आत लाकडी तखतावर ठेवायची आणि गाणी लावायची. लाखनीला हमरस्त्यावर आम्हा दोघा भावांचं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. मी थोरला, तोंडाने फटकळ आणि हाताने त्याहून. धाकटा पंचविशीतला, लग्न झालेला, मोजकं बोलणारा. सुई तबकडीवर टेकवावी तर त्यानेच, खरखरसुद्धा व्हायची नाही.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा मी हौसेने स्पीकरची मोठी लाकडी पेटी आणली. तिच्यातली ढोलकी छातीवर आदळायची. लोकांना ती पेटी मंडपात समोर दिसायला हवी असायची, नाहीतर वरबापाचा मान राहात नसे. म्हणून पेटी आणि मशीन शेजारी शेजारी, एकाच तखतावर. तेव्हापासून सुई उड्या मारू लागली. आवाज चढवला की पेटी घुमायची आणि सुई गाणं सोडून भलतीकडे पळायची.

आम्ही शेतकऱ्याची पोरं. बैलबंडीत धानाची पोती हलली की कासरा आणखी आवळायचा, एवढंच शास्त्र आम्हाला ठाऊक. मी मशीन आणि पेटी कासऱ्याने एकमेकींना करकचून बांधली. सुई जास्तच उडाली. मी अजून आवळलं. तरीही थांबेना, तेव्हा दोष धाकट्याच्या हातात आहे असं मी ठरवून टाकलं. घरी, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याला शिव्या घातल्या. दोनदा ढकललंही. तो गप्प राहायचा आणि त्याच्या गप्प राहण्याने माझं डोकं आणखी फिरायचं.

मग चिखल्याला, खाणकामगारांच्या वसाहतीत, एक दुपारचं लग्न आलं. नवरीला मंडपात आणत होते. तबकडीवर बरीच गाणी होती, त्यातलं पहिलं लग्नाचं. धाकट्याने आवाज चढवला, ढोलकी घुमली आणि सुई उडाली ती थेट शेवटच्या गाण्यावर. ते गाणं आईच्या मरणाचं होतं. नवरी जागच्या जागी थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"नवरीच्या तोंडावर मरनाचा गाना?" असं म्हणत वरबाप उठला. त्याच्या माणसांनी माझी कॉलर धरली. एकाने पोटात गुडघा घातला. दुसरा म्हणाला, "बजवता येत नाई त मशीन कायले आनली?"

ती जमिनीखाली सुरुंग लावणारी माणसं. त्यांच्यावर हात उगारायची माझी छाती नव्हती. माझा हात मग जिथे चालत होता तिथे चालला. "काहून रे, हात तुटला का तुहा?" म्हणत मी धाकट्याच्या कानशिलात दिली. तो तखतावर आडवा झाला. मी डाव्या हाताने त्याची मान फळीवर दाबली आणि उजव्याने मारत सुटलो, त्याच कानावर, पुन्हा पुन्हा. कानातून रक्त आलं. माझ्या बोटांना ते चिकट लागलं, तरी मी थांबलो नाही. मला झोडपायला आलेल्यांनीच शेवटी मला ओढून बाजूला केलं. रडगाणं तोवर पूर्ण आवाजात चालूच होतं. मशीन बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कानाचा पडदा फाटल्याचं सांगितलं. औषधं झाली, पण त्या कानाने त्याला पुढे कधी ऐकू आलं नाही. तो दुकानात यायचा थांबला आणि शेतावर राबू लागला. त्याची बायको रीतीप्रमाणे मोठ्या दिरासमोर कधी बोलत नसे. ती एक दिवस उंबरठ्याआडून म्हणाली, "आता तुमी आपल्या हातानं बजवून पाहा."

मी वाजवून पाहिलं. पहिल्याच लग्नात सुई उडाली. दुसऱ्या लग्नातही उडाली. हात माझाच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि तो संन्यासी माझ्याच आईच्या पोटचा. मला स्वतःची किळस आली, आणि तीही मी दुसऱ्यावरच काढली. दुकानात येऊन पेटीला लाथ घातली, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि पेटीची एक बाजू फोडली. दुसरा घाव घालणार इतक्यात धाकटा दारात दिसला. तो बाजाराला आला होता, शेजारच्या दुकानदाराने त्याला हाक मारून आणलं होतं.

त्याने माझ्या हातातली सब्बल काढून घेतली. विळ्याने कासरा कापला. पेटी तखतावरून उचलून खाली, कोंड्याच्या पोत्यावर ठेवली. तणसाच्या, धानाच्या वाळक्या काड्यांच्या, चार चुंबळी वळल्या, बायका घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशा. त्या तखतावर मांडून वर फळी ठेवली आणि फळीवर मशीन. मग रेकॉर्ड लावली आणि आवाज शेवटपर्यंत चढवला. फुटकी पेटी फरफरत होती, पण सुईने वाट सोडली नाही. सगळी तबकडी सरळ वाजली.

मी त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला गेलो.

"तुले हे कोनं सांगितलं?"

"कोनी नाई," तो म्हणाला. "चिखल्याले तू मले दाबून धरलं, तवा माहा गाल तखताच्या फळीले लागला होता. गाना चालू होता. फळी धडधड करून राहिली होती. पेटीचा धक्का फळीतून मशीनले जाते, हे मले तवाच समजलं."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगून राहिलो होतो ना भाऊ," तो म्हणाला. "तू मारून राहिला होता."