जॉर्जियाचं कार्ड कुठल्या ट्रेत?

अकरा वर्षं तिनं वाइनच्या दुकानात ग्लास धुतले. गिऱ्हाइकं चव घेऊन निघून जायची, उष्टे ग्लास हिच्या पुढ्यात. आता काउंटरवरची जागा रिकामी झाली होती आणि मालकांनी तिला एकच संधी दिली होती. बारा देशांची बारा कार्डं, ट्रे दोन: वाइनवाल्यांच्या भाषेत जुनं जग आणि नवं जग. अकरा बरोबर आली तर काउंटर. नाहीतर उद्या बाहेरचा माणूस येणार आणि ही मोरीपाशीच.

परीक्षक समोर घड्याळ ठेवून बसले. फ्रान्स, इटली, स्पेन पटापट जुन्यात गेले. अर्जेंटिनाही तिनं जुन्यातच टाकला. चारशेहून जास्त वर्षांच्या द्राक्षबागा, नव्या कुठल्या? परीक्षकांनी फुली मारली. आता एकही चूक परवडणार नव्हती.

दक्षिण आफ्रिका हाती आला आणि पुन्हा तोच घोळ. साडेतीनशे वर्षं. मग लख्ख प्रकाश पडला. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सासूबाई शेजारणींना सांगतात, 'ही आमची नवी.' नवी म्हणजे वयानं नव्हे. मागून आलेली, दुसऱ्या घरची. तिथलेही वेल युरोपातून बोटीनं आले होते. कार्ड नव्यात गेलं. चिली, ऑस्ट्रेलिया आणि बाकीचेही आपापल्या जागी बसले. फुली पडली नाही.

उरला जॉर्जिया. बाटल्यांच्या खोक्यातलं माहितीपत्रक तिनं चार वेळा वाचलं होतं: आठ हजार वर्षांची वाइन, मातीचे रांजण जमिनीत पुरून केलेली. घड्याळात अर्धं मिनिट होतं. परीक्षक हळूच म्हणाले, "बाई, जुन्यात टाका आणि मोकळ्या व्हा."

"आणि आजीला नातवंडांच्या पंगतीत बसवू?"

"ट्रे दोनच आहेत."

"मग ट्रे कमी पडले. देशाचा काय दोष?"

दाराशी उभ्या मालकांनी कपाळाला हात लावला. तिच्या हातून कार्ड सुटत नव्हतं. शेवटी तिनं ते जुन्याच्या ट्रेवर धरलं, टाकलं मात्र नाही. म्हणाली, "टाकते. पण माझी हरकत आधी कागदावर लिहा."

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि लिहिलं: उमेदवाराच्या मते तिसरा ट्रे हवा.

तिनं ते अक्षर अन् अक्षर वाचलं आणि मगच कार्ड सोडलं. तेव्हा चार सेकंद उरले होते.